द्रावणात किती मावतं

११ नोव्हेंबर, सोमवार

आज हडपसरला आलो. दोन सुटकेसा, एक गादी आणि अस्मिताचा कुकर. सव्वीस वर्षं खत कारखान्याच्या वसाहतीत काढल्यावर एवढंच सामान निघालं, याचं आधी वाईट वाटलं. मग टेम्पोला एकच फेरी पुरली म्हणून बरं वाटलं.

खोली छान आहे. बायडाबाई तुपे यांच्या घरावरची, पूर्वेला खिडकी. खाली अंगण, अंगणात दोन शेळ्या, आणि अंगणापलीकडे त्यांचे यजमान गेनबा तुपे यांनी बांधलेलं जुनं गोडाऊन. गेनबा आता नाहीत. गोडाऊनमध्ये आमची प्रयोगशाळा आहे. जिन्याच्या खालच्या पायरीपासून तिच्या दारापर्यंत चाळीस पावलं. कारखान्यात नुसत्या गेटपर्यंत जायला पंधरा मिनिटं लागायची.

यज्ञेश्वर दामले सर शनिवार पेठेतून रिक्षानं येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. आज माझ्यासाठी सोमवारी आले, आणि तसं सांगितलंही. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं, आता स्वतःचं संशोधन करतात. मला विचारलं, अमाइनचा वास सहन होतो ना, नसेल तर आत्ताच सांगा, घरी जाऊन बायकोपाशी कुरकुर नको. मी सांगितलं, बायको, अस्मिता, तीन वर्षांपूर्वी वारली. ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." पुण्यातलं पहिलं वाक्य म्हणून लिहून ठेवतो.

माझ्या आधी आमोद नावाचा माणूस इथे दोन वर्षं होता. तो कुठे आहे असं विचारलं तर सर म्हणाले, तो गेला. चांगली नोकरी मिळाली असेल, असं मी समजलो.

संध्याकाळी लेकीचा, ओवीचा, हैदराबादहून फोन आला. तिला काम समजावून सांगितलं. कार्बन डायऑक्साइड नुसत्या पाण्यात फारसा विरघळत नाही. पाण्यात अमाइन नावाचं रसायन मिसळलं की ते त्याला धरून ठेवतं. धुराड्यातून जाणारा वायू असा पकडता येतो. किती दाबाला, किती तापमानाला किती पकडला जातो, ते मोजायचं. शहाळ्याएवढं स्टीलचं भांडं आहे, त्याला एक जाड काचेची खिडकी. त्यात द्रावण घालायचं, हवा काढून टाकायची, वायू सोडायचा. वायू विरघळत जातो तसा दाबाचा काटा उतरतो. काटा थांबला की समतोल झाला, द्रावणात आणखी मावत नाही.

"म्हणजे बाबा, तुम्ही दिवसभर काटा थांबायची वाट बघता?"

म्हटलं, हो, अगदी तेच.

चार मिनिटं बोललो. एरवी दोन होतात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काम अंगवळणी पडतंय. प्रयोगशाळा बंदिस्त आहे. तापमान हलू नये म्हणून खिडक्या सील केल्यात, वर हवा बाहेर फेकणारा एक पंखा आहे तो सर लावू देत नाहीत. भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मीटर आहे, सिलिंडर गळला तर कळावं म्हणून. बाहेर अंगणात ते चारशेवीस दाखवतं. मी दार लावून दोन तास बसलो की नऊशेच्या वर जातं. तो सगळा माझा श्वास. या अख्ख्या गावात मी खोलीत आहे हे फक्त त्या मीटरला कळतं.

संध्याकाळी मंडईत जातो. एका माणसाची मेथी द्या म्हटलं तर भाजीवाली जुडी अर्धी करायला तयार नव्हती. काल मोजलं. दिवसभरात मी तोंडानं एकूण अकरा वाक्यं बोललो, त्यातली चार शेळ्यांशी. बायडाबाई भल्या आहेत, पण त्यांना ऐकू कमी येतं आणि सीरियलच्या वेळा ठरलेल्या आहेत.

सर आत येत नाहीत. दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि तिथून वही मागवतात. गुडघ्यांमुळे, म्हणाले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारी सरांनी त्यांचं स्वतःचं द्रावण सुरू करायला सांगितलं. चार वर्षांची मेहनत आहे. आधीचंच, आमोदनं वापरलेलं, बाटलीत ठेवलेलं. लेबलवर फक्त 'य-७'. रंग पातळ चहासारखा.

काटा थांबत नाही.

अमाइनच्या एका रेणूमागे वायूचा अर्धा-पाऊण रेणू बसतो. दाब खूप वाढवला तर एक, फार तर थोडा जास्त. आज एक पूर्णांक चार आलं. गळती असणार म्हणून बुधवारीच सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले. एक बुडबुडा नाही. गुरुवारी सिलिंडरच बंद करून टाकला आणि नळी काढली. काटा गेला तळाला आणि तिथेच राहिला, तरी भांडं वजनाला रोज थोडं वाढतंय. वायू येतोय कुठून, ते कळत नाही.

आणि मीटर. तीन तास बंद खोलीत बसलो तरी चारशेअठरा. बिघडलं असं समजून बायडाबाईंच्या स्वयंपाकघरात नेलं. त्या भाकरी करत होत्या, तिथे अकराशे दाखवलं. परत प्रयोगशाळेत आणलं, मी एकटा, चारशेसतरा.

काल सरांना सांगितलं. दारातूनच म्हणाले, "मीटर बरोबर आहे. आपल्यात मोजण्यासारखं काही नसेल."

हसलो मी. पण नंतर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. खोलीत कोणीच नसताना जो आकडा असतो, तो होता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तब्येत मात्र सुधारली आहे. जिना चढून दम लागत नाही. मंडईतून दहा किलोची पिशवी न थांबता आणली. झोप गाढ लागते, स्वप्नं नाहीत. संध्याकाळी सहा वाजता जे रिकामं रिकामं वाटायचं, तेही वाटत नाही. काल जेवायचं राहिलं ते आज सकाळी आठवलं.

द्रावण एक पूर्णांक नऊ. सर फोनवर खूश. असा आकडा जगात कुणी पाहिलेला नाही, म्हणाले.

३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी काट्यासमोर बसलो होतो. समोर घड्याळ. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं की मी श्वास घेत नव्हतो.

छाती दडपली नव्हती, कासावीस झालो नव्हतो. घ्यावासाच वाटत नव्हता. घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं दहा सेकंद. तोवर डोळ्यांपुढे काळे ठिपके आले आणि नखं जांभळी पडली, तरी आतून काही मागणी नाही. शेवटी मुद्दाम ठरवून ओढून घेतला, दोरीनं बादली ओढावी तसा.

कारखान्यात सुरक्षेच्या वर्गात हे शिकवलेलं आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हाका मारतो. तो साठलाच नाही तर माणूस गुदमरतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

भांड्याचं वजन केलं. वाढलंय.

५ डिसेंबर, गुरुवार

आज बायडाबाईंपाशी जाऊन बसलो आणि आमोदचं विचारलं. त्याचा पत्ता हवा होता.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पत्ता कुटला? त्यो गेला की. त्या तुमच्याच खुर्चीत."

मला वाटलं होतं, नोकरी सोडून गेला.

त्यांनीच सांगितलं. दुपारी चहा घेऊन गेल्या तेव्हा तो मीटरकडे तोंड करून बसला होता. हाक मारली, उठेना. तोंडावर त्रास काही नव्हता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. वय चौतीस. आईवडील साताऱ्याहून येऊन घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "आदी पंदरा दिस ओठातल्या ओठात कायतरी मोजायचा. म्या म्हनलं, जप करतोय. भला मानूस हाय."

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमीबी जप करताय का आता.

६ डिसेंबर, शुक्रवार

सर आले नाहीत, म्हणून मीच शनिवार पेठेत गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळ्या खिडक्या उघड्या. एकटेच राहतात. बेल दाबायच्या वेळांची पाटी दारावर आहे. मी चुकीच्या वेळी दाबली.

सगळं सांगितलं. ते चकित झाले नाहीत. म्हणाले, आमोदही असाच येऊन बसला होता, याच खुर्चीवर. तेव्हा आकडा एकाच्या खाली होता. त्याचंही जे काही होतं ते त्यातच आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"कुठे थांबतं, ते कळायला हवं. प्रत्येक गोष्ट कुठेतरी थांबते, सलिल. आणि माझ्यापाशी वेळ थोडा आहे."

माणूस गेला त्यात, मी म्हटलं. ते म्हणाले, आमोदला मागेपुढे कुणी नव्हतं असं समजलो होतो, आईवडील नंतर कळले. आपल्या बाबतीत मी नीट चौकशी केली होती.

मी म्हटलं, मला मुलगी आहे. ते म्हणाले, आपण फॉर्मवर लिहिलं नाहीत.

खरं आहे. संपर्काच्या रकान्यात मी कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

नोकरी सोडतो म्हणालो. जा, म्हणाले. आमोदही चार दिवस निघून गेला होता. आपणहून परत आला. लांब गेलं की जास्त ओढतं, असं सांगत होता.

८ डिसेंबर, रविवार

खोटं नव्हतं ते. बसनं कात्रजला गेलो, तिथून पुढे कुठेही जायचं ठरवून. स्वारगेटपर्यंत मोजून श्वास घेतले. कात्रजला उतरलो तेव्हा एक चुकला की पुढचा आठवतच नव्हता. प्राणिसंग्रहालयाबाहेर लोक मुलांना घेऊन तिकिटाच्या रांगेत उभे होते. बोलत होते, खात होते, भांडत होते, आणि यातलं काहीही करताना कुणी श्वास मोजत नव्हतं. त्यांच्यात उभं राहून इतकं एकटं मला अस्मिता गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

परत आलो. चाळीस पावलांच्या आत जरा सोपं पडतं.

समतोल म्हणजे दोन बाजू आल्या. एक बाजू ते द्रावण. दुसरी मी.

ओवीचा फोन आला. माझी वाक्यं तुटत होती. आजारी आहात का विचारलं. नाही म्हटलं. शनिवारी येते म्हणाली. येऊ नको म्हणालो, काम आहे. "तुमचं काम आहे म्हणूनच मी आईजवळ दवाखान्यात एकटी होते," ती म्हणाली. "मी येणार आहे."

११ डिसेंबर, बुधवार

झोप दहा दहा मिनिटांची. मोबाइलचा गजर, श्वास, गजर, श्वास.

डॉक्टरकडे गेलो. छाती स्वच्छ आहे म्हणाले. एकटे राहता का विचारलं. झोपेच्या गोळ्या दिल्या. फेकून दिल्या.

द्रावण मोरीत ओतून टाकायला उचललं होतं. मग विचार केला, मोरीचं पाणी नाल्यात, नाला कॅनॉलला. कॅनॉलच्या कडेनं किती वस्ती आहे. परत ठेवलं.

तीन पूर्णांक दोन.

१२ डिसेंबर, गुरुवार

ओवीला तीन मेसेज केले. येऊ नको. तिनं बसच्या तिकिटाचा फोटो पाठवला.

मोजायचं. लिहायचं. मोजायचं. लिहिताना विसर—

घेतला.

१४ डिसेंबर, शनिवार

आज नीट लिहिता येतंय. का, ते लिहितो.

सकाळी खुर्चीतच डोळा लागला. गजर लावायचा राहिला. जागा झालो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पाच तास झोपलो होतो आणि जिवंत होतो. छाती आपोआप वरखाली होत होती. आनंदानं रडायचा बाकी होतो.

शेजारच्या स्टुलावर ओवी बसली होती. सातला आली, मला उठवलं नाही. पाच तास माझ्याजवळ बसून राहिली. अस्मितासारखीच दिसायला लागली आहे.

"इथे किती शांत वाटतं, बाबा," ती म्हणाली. "अख्खी रात्र बसमध्ये गेली, तरी दमल्यासारखं वाटतच नाही."

मी मीटरकडे बघितलं. आत आम्ही दोघं. चारशेसोळा.

हाताला धरून तिला बाहेर काढलं. बायडाबाईंकडे जेवायला नेलं. तिनं भाकरी खाल्ली, शेळ्यांचे फोटो काढले, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली. मी ऐकलं. तीन वर्षांनी. ती बोलता बोलता मधेच थांबायची आणि काहीतरी राहून गेल्यासारखं बघायची.

मी सहज श्वास घेत होतो. द्रावणानं मला आता सोडलं आहे. दुसरं मिळालं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी ६.३०

ती माझ्या गादीवर झोपली आहे. घड्याळ लावून मोजले. मिनिटाला तीन. नखं जांभळी. हलवून उठवलं, म्हणाली, किती छान झोप लागली होती.

मी आत्ता एसटीत बसलो तर जगेन. हे एकदाच मनात आलं. लिहून ठेवतो, कारण आलं होतं.

९.००

सरांना फोन केला. द्रावण जाळतोय म्हणालो. करू नका म्हणाले नाहीत. मुलीचं नाव काय, विचारलं. सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१०.४५

हेच काम मी कारखान्यात सव्वीस वर्षं केलं. थंड असताना अमाइन वायू धरतं, तापवलं की सोडतं. पुढे एकशेतीसला नेऊन चाळीस मिनिटं धरलं तर द्रावणच जळतं, काळं पडतं, मग काही धरत नाही. भांड्याला हीटर आहे. नव्वदला तो आपोआप बंद होतो. पुढे न्यायचं तर लाल बटण हातानं दाबून धरावं लागतं. बांधून पाहिलं, सटकतं. हातच लागतो.

भांड्याची नळी वरच्या पंख्याला जोडली. पंखा लावला. एक काच फोडली. तेवढं पुरेल.

ओवीला बायडाबाईंजवळ बसवलं. बोलत राहा तिच्याशी, झोपू देऊ नका, असं बाईंच्या कानात ओरडून सांगितलं. दाराला आतून कडी.

११.२० — नव्वद अंश. बटण डाव्या हाताखाली. मीटर ४३०.

११.३२ — एकशेदहा. मीटर ९००. येतोय बाहेर.

११.४१ — एकशेतीस. इथून चाळीस मिनिटं. मीटर २,६००. पंख्याच्या आवाजात दुसरा आवाज. श्वासाचा. माझा नाही. लांब, तरुण माणसाचा.

११.४८ — ६,१००. डोकं ठणकतंय. पंखा पुरत नाही. फुटक्या काचेशी आणखी कुणीतरी उसासा टाकला. आमोद, तू असशील तर जा बाबा, मोकळा हो.

११.५२ — ९,९९९. याच्यापुढे मीटरला आकडा नाही. हवा हवी आहे. किती दिवसांनी हवीशी वाटतेय.

११.५५ — ओवी दारावर. उघडा म्हणते. तिचा आवाज संथ.

११.५८ — राहवेना म्हणून बटण सोडून दाराकडे निघालो. तापमानाचा काटा उतरायला लागला, बाहेर दार वाजायचं थांबलं. बाई ओरडल्या, पोरीनं डोळं फिरवलं. धावत परत. बटण दाबलं. एक मिनिट गेलं. दार पुन्हा वाजलं.

म्हणजे इथेच बसायचं.

१२.०७ — अक्षर दोन दोन दिसतं. खोली भरली आहे. सगळीकडून श्वास. एकटा नाही मी—

१२.१३ — ओवी मारतेय दारावर. जोरात. आता जोरात. ओवी, आईजवळ मी असायला हवं होतं. लिहितो कारण ओरडायला हवा न

१२.१८ — काचेतून काळं. पूर्ण काळं. अजून तीन मिनिटं.

१२.२१ — झालं. ती धापा टाकतेय बाहेर. म्हणते बाबा, मला दम लागलाय, उघडा. दम लागलाय तिला. घे बाळा. जोरात घे. अजून ए